बाईक घसरल्यापासून हँडल वाकडं, फ्रेम गेली का हे घरी कसं बघायचं?

चाकोरी: हळू स्पीडला गाडी घसरली, तुटलंबिटलं काही नाही, पण आता सरळ जाताना हँडल जरासं डावीकडे दिसतं. मेकॅनिक लांबूनच म्हणाला फ्रेम गेली. मागच्या चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणारा भाग) चेन ॲडजस्ट करायच्या खुणा तर दोन्हीकडे सारख्या आहेत, मग चाक सरळच ना?

नटबोल्ट: लांबून फ्रेम कळते, धन्य आहे. खुणांवर जाऊ नको, त्या पुष्कळदा मुळातच नीट नसतात. गाडी डबल स्टँडवर घे, बारीक दोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे आण आणि दोन स्टुलांना ताणून बांध, ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) खाली पण स्टँड-सायलेन्सरला न लागता जेवढी वर जाईल तेवढी. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकू दे, दाबली की माप गेलं. मग हँडल विसर, पुढचं चाक दोऱ्यांना समांतर कर आणि पट्टीने दोरी आणि पुढच्या टायरमधला गॅप मोज. मागचा टायर १३० मिमी रुंद, पुढचा १०० असेल तर दोन्हीकडे १५ मिमीच्या आसपास, पण आकडा महत्त्वाचा नाही, दोन्हीकडे सारखा पाहिजे. काही गाड्यांत थोडा ऑफसेट (चाकं मुळातच एका रेषेत नसणं) कंपनीचाच असतो, मॅन्युअल बघ.

ओळंबा: आधी चाक फिरवून रिम आउट (वाकडी होऊन डगमगणारी) नाही ना ते बघा राव. आणि दोरीला फ्रेमचा पीळ कळत नाही, त्यासाठी मागचं चाक ओळंब्यात उभं करायचं आणि पुढचं सरळ ठेवून त्यालाही ओळंबा लावायचा, ते कललेलं दिसलं तर मग फ्रेमचा संशय. हेडजवळ (फ्रेमला फोर्क बसतो तिथे) वेल्डिंगपाशी रंगाला बारीक तडे, सुरकुत्या आहेत का तेही बघा.

चाकोरी: रिम ओके, ओळंबा ओके, तडे नाहीत. गॅप ११ आणि १९ होता! एका बाजूचा चेन ॲडजस्टर (मागचा ॲक्सल पुढे-मागे करणारा बोल्ट) अर्धा आटा फिरवला तर १५-१५ झाला, विश्वास बसेना. ॲक्सल टाइट केल्यावर परत थोडा हलला, परत केलं. पण हँडल अजून डावीकडेच.

नटबोल्ट: मग फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) टी मधे, म्हणजे त्यांना वर-खाली धरणाऱ्या पट्ट्यांत, पिळलाय. खालच्या टी चे बोल्ट, वरचा मधला मोठा नट, मडगार्डचे स्क्रू, पुढचा ॲक्सल सैल कर, वरच्या टी चे फोर्क धरणारे बोल्ट तसेच ठेव. चाक गुडघ्यांत धरून हँडल ओढ. सगळं परत टॉर्कनेच (मॅन्युअलमधल्या ठरलेल्या जोराने) आवळ, अंदाजाने नको.

चाकोरी: कट्ट आवाज आला आणि सरळ झालं!! मागचं चाक बहुतेक आधीपासूनच तिरकं होतं, मीच चेन टाइट करताना खुणा बघून लावायचो.