हवामानाची काळजी ही श्रीमंतांची चैन आहे काय?

शहापूर शिवार
अनगोळकरांनी परवा लिहिले की, भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असताना २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंतच्या निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचा, शब्द देणे ही घाई होती आणि हवामानाची काळजी ही श्रीमंतांची चैन आहे. उत्सर्जनाची तुलना खरी आहे. ‘चैन’ हा शब्द मात्र दोन दिवस घशात अडकून राहिला. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठी माझे ३० गुंठे भात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते इतके दिवस पाण्याखाली होते की, कुजल्याचा वास घरापर्यंत येत असे, आणि त्यानंतर दुबार लावणीचे मला नवल वाटेनासे झाले आहे. धूर श्रीमंत देशांनी सोडला हे मान्य; पण त्यांचा हिशेब चुकता होईपर्यंत बांधावरचे पाणी थांबून राहणार आहे का?

अनगोळकर
आपल्या नुकसानीचे वाईट वाटते. परंतु तो नाला गाळ, जलपर्णी आणि अतिक्रमणांनी तुंबला आहे. उद्या साऱ्या जगाने कोळसा जाळणे सोडले तरी ती जलपर्णी निघणार नाही. सगळे खापर हवामानावर फोडले की, नाला साफ न करणाऱ्यांची आयतीच सुटका होते. माझ्या दोन्ही मुलांना नोकरीसाठी पुणे गाठावे लागले. येथे कारखाने यायचे तर अखंड वीज हवी, आणि देशातली वीज आजही मुख्यतः कोळशातूनच येते.

अथणीचा ऊसवाला
इंधनाचेच पाहा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत सरकारने २०३० वरून २०२५ वर आणली, तेव्हा आमच्या भागात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मग २०२३ साली पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, आणि हवामान वाचवणारा उपाय हवामानानेच अडवला.

शहापूर शिवार
वर्षभर पाणी पिणाऱ्या पिकाला हरित इंधन म्हणायचे, हा विनोद मला कधीच कळला नाही. कृष्णा आटली की पाण्याच्या मोटारी बंद आणि कृष्णा चढली की पंचनामे, यात हरित काय आहे?

अथणीचा ऊसवाला
ज्यांच्या शेतात पाणी फुकट तुंबते, त्यांनी आम्हाला पाण्याचे धडे देऊ नयेत. मी कर्ज काढून ठिबक बसवले आहे. उसाला निदान एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, आहे, बिल उशिरा का होईना मिळते. एका वर्षी ज्वारी केली, तर पोती घेऊन गिऱ्हाईक शोधत हिंडलो. ज्वारीची खात्रीची खरेदी करून दाखवा, मी उद्या ऊस मोडतो.

खानापूरकर
आपण पाण्यावरून भांडता, तर एका नदीचा उगम आमच्या खानापूर तालुक्यातही आहे. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, आणि २०१८ साली पाणीवाटप लवादाने गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचे १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिल्यापासून तिच्या कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्याची घाई आहे. मलप्रभेचे पाणी पिणाऱ्या धारवाडकरांची तहान खोटी नाही. परंतु पाणी असो, महामार्ग असो, झाडे आमच्याच तालुक्यातली जातात आणि कारखाना मात्र दुसरीकडे उभा राहतो. विकास आणि हवामान यांचा समतोल म्हणतात तो हाच असावा.

अनगोळकर
‘चैन’ हा शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. ऊसवाल्यांनी तर तो माझ्यापेक्षा चांगला मांडला, कारण ज्याला दुसरे उत्पन्न नाही त्याला पीक बदला असे सांगणे सोपे असते. नाला साफ करणे आणि भाताचे नुकसान भरून देणे हेही हवामानधोरणच आहे, असे शहापूरकरांचे म्हणणे असेल, तर त्यापुरते मान्य. तसे त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिले असते, तर एवढी शाई वाचली असती.

शहापूर शिवार
तेच लिहिले होते. आपण कोळशापर्यंत जाऊन परत आलात. येत्या पावसाळ्यात एकदा बांधावर या. चपला मात्र घरीच ठेवा, आमच्या चिखलात त्या राहून जातात.