लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं का?

धागाकर्ता: "आत्ता साधा लॅपटॉप घे, गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू" हा सल्ला कुणी कुणाला देऊ नये. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीयू (ग्राफिक्सची मुख्य चिप) मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. रीवर्क स्टेशनवर (गरम हवेने चिप काढायच्या यंत्रावर) तो उतरवता येतो, पण त्या जागी वरच्या दर्जाची चिप चालत नाही. चिपच्या पायांची (पिनांची) मांडणी, व्हीरॅम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी), वीजपुरवठ्याचं सर्किट, उष्णता वाहून नेणारे हीटपाइप, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), सगळं जुन्या चिपच्या हिशोबाने केलेलं असतं. वेगळं मत असेल तर आकड्यांसकट लिहा.

खटपट्या: सरसकट "नाही" म्हणू नका. एमएक्सएम स्लॉटचे (लॅपटॉपच्या सुट्या ग्राफिक्स कार्डाची खाच) लॅपटॉप निघत होते, त्यात कार्ड स्क्रू काढून बदलता येतं. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपला तर आजही ग्राफिक्स मॉड्यूल मागच्या बाजूने बदलता येतं.

थर्मल_९०: एमएक्सएम कागदावर छान दिसतं. कार्डांची मापं ठरलेली: टाइप ए ८२ × ७० मिमी, टाइप बी ८२ × १०५ मिमी. माप जुळलं तरी हीटसिंकची (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाची) भोकं आणि व्हीरॅमवरच्या थर्मल पॅडची जाडी जुळेलच असं नाही. पॅड अर्धा मिलिमीटर जाड निघाला की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि गेम सुरू होताच तापमान चढतं. शिवाय काही कंपन्यांचे बायोस अनोळखी कार्ड स्वीकारतच नाहीत.

खटपट्या: मग बाहेरून जोडा. थंडरबोल्ट ३ किंवा ४ पोर्ट असेल तर ईजीपीयूचा (बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाचा) डबा. नसेल तर एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून ऑक्युलिंक (पीसीआयई, म्हणजे कार्ड जोडायचा आतला मार्ग, केबलने बाहेर काढणारं) अडॅप्टर, डेस्कटॉपचं कार्ड आणि वेगळा पॉवर सप्लाय. आधी स्लॉट तपासा: एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या एसएसडीचा), चार लेनचा (डेटाच्या चार मार्गिकांचा) हवा, फक्त साटाचा (जुन्या, हळू जोडणीचा) असेल तर उपयोग शून्य. सप्लाय आधी चालू करायचा, लॅपटॉप नंतर. चालू असताना केबल उपसायची नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ (कार्डासाठी पुरेशी संसाधनं नाहीत) आला, तर आतलं वेगळं ग्राफिक्स कार्ड डिसेबल करून रीस्टार्ट करून बघा.

धागाकर्ता: चालतं, मान्य. पण त्याला अपग्रेड म्हणायला मी तयार नाही. थंडरबोल्ट सेकंदाला ४० गिगाबिटचा, त्यातून पीसीआयईला जास्तीत जास्त ३२, म्हणजे चार लेनइतकंच. डेस्कटॉपमध्ये कार्डाला सोळा लेन मिळतात. त्यात चित्र लॅपटॉपच्याच स्क्रीनवर हवं असेल तर प्रत्येक फ्रेम त्याच केबलने परत येते, म्हणजे आणखी फटका. मॉनिटर, डबा, सप्लाय धरला की लॅपटॉप हलवायची सोय कुठे उरली?

खटपट्या: म्हणूनच मॉनिटर थेट कार्डाला लावायचा. पीसीआयई ४.० वर ऑक्युलिंक ६४ गिगाबिट देतं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बस इंटरफेस बघा, लोड देऊन. तिथे एक्स१ (एकच लेन) दिसलं तर केबल किंवा अडॅप्टर बदला, कार्डाला दोष देऊ नका.

थर्मल_९०: या सगळ्याआधी रॅम बघा. इंटिग्रेटेड ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेलं) लॅपटॉपची रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ गिगाबाइट डेटा मिळतो, दोन असतील तर ५१.२. एक स्लॉट रिकामा असेल तर तेवढीच दुसरी पट्टी लावा, मग बाकीचं ठरवा.