मदत हवी आहे : प्रतिसरकारचे निरोप कसे पोचायचे?

सातारच्या प्रतिसरकारवर (इंग्रजांना समांतर चालवलेलं लोकांचं सरकार, १९४३-४६) शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. तुफान सेना (प्रतिसरकारचं लढाऊ दल), न्यायदान मंडळं, ७ जून १९४३ ची शेणोलीची रेल्वेलूट, एवढं हाताशी आहे. पण प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत ते कशाच्या बळावर, हे मुलांना दाखवायचंय. चरित्रं, स्मरणिका चाळल्या. त्यांत धाडसं भरपूर, निरोप्यांबद्दल ओळ-दोन ओळी. भाकरी पोचवणाऱ्या बायकांची नावं तर क्वचितच, हे फार लागतं. ऐकीव कथा नकोत. छापील किंवा ध्वनिमुद्रित आठवणी हव्यात, इंग्रजीही चालतील. एखादा कार्यकर्ता पकडला गेला, तर बाकीच्या गटांना इशारा कोण आणि कसा पोचवायचं, हे कुठे सापडेल?