मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया आणि ऑगमेंटेड रिअॅलिटी: चित्रावर विसंबावे किती?

धागालेखक: मेंदूतील गाठ काढताना सर्जनला नेव्हिगेशनसाठी (स्कॅनच्या आधारे गाठीची जागा शोधण्यासाठी) पुन्हा पुन्हा बाजूच्या पडद्याकडे पाहावे लागते आणि तिथले सपाट चित्र समोरच्या मेंदूशी मनातल्या मनात जुळवावे लागते. ऑगमेंटेड रिअॅलिटीत (एआर) स्कॅनमधली गाठीची सीमा आणि रक्तवाहिन्या थेट सूक्ष्मदर्शकातच दिसतात. अमेरिकेतील डार्टमथचे न्यूरोसर्जन डेव्हिड रॉबर्ट्स यांनी 1986 मध्येच सीटी स्कॅनमधील माहिती शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकात आणली होती. मोठ्या रुग्णालयांनी तरी हे तंत्र आता नित्याचे करावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1: मी असहमत आहे. ड्यूरा (मेंदूवरचे बाहेरचे आवरण) उघडला की मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, मेंदू खाली बसतो, गाठ निघू लागली की पोकळीही आकसते. हे सरकणे कधीकधी सेंटिमीटरपेक्षाही जास्त भरते. डोळ्यांपुढची रेषा मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयचीच असते. वाचाकेंद्राजवळ काही मिलिमीटर चुकले, तरी रुग्णाची वाचा जाऊ शकते. बाजूच्या पडद्यावर शंका तरी घेता येते. प्रत्यक्ष ऊतीवर उमटलेली रेषा खरीच वाटू लागते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शवावरील एंडोस्कोपीच्या प्रयोगात एआर वापरणाऱ्या सर्जनांच्या नजरेतून समोरची अनपेक्षित वस्तू अधिक वेळा सुटली होती.

धागालेखक: मेंदू सरकण्याचा आक्षेप पडद्यावरच्या नेव्हिगेशनलाही तितकाच लागू आहे, म्हणून ते कोणी बंद केलेले नाही. शिवाय त्वचेवर छेद कुठे घ्यायचा, कवटीचे हाड किती कापायचे, हे ड्यूरा उघडण्याआधीच ठरते; तिथे एआरचा उपयोग निर्विवाद आहे.

प्रतिसाद 2: उपकरणाच्या भवितव्याचाही विचार व्हावा. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स 2 या डोळ्यांवर चढवायच्या एआर उपकरणाचे उत्पादन 2024 मध्ये थांबवले.

प्रतिसाद 1: छेद आखण्यापुरते तुमचे म्हणणे मान्य आहे, परंतु रुग्णाचे भवितव्य ठरते ते गाठीच्या कडेशी. तिथे 5-एएलए हे औषध घेतलेल्या रुग्णाची गाठ निळ्या प्रकाशात गुलाबी-लाल चमकते, म्हणजे त्या क्षणीची गाठ दिसते. 2006 च्या जर्मन चाचणीत घातक ग्लायोमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) पूर्ण निघण्याचे प्रमाण यामुळे 36 वरून 65 टक्क्यांवर गेले. टाटा मेमोरियलच्या सर्जनांनी शस्त्रक्रियेदरम्यानच्या त्रिमितीय अल्ट्रासाउंडवर बरेच काम केले आहे. त्यातही सरकलेला मेंदू जसा आहे तसा दिसतो. एआरच्या पुरस्कर्त्यांनी आधी अशीच तुलनात्मक चाचणी पुढे ठेवावी. तोवर मर्यादित निधी अल्ट्रासाउंडवरच खर्च व्हावा.