मदत हवी आहे: सोरॉरिटीसाठी विद्यार्थिनीचं चोरून ‘प्लेजिंग’ चालू असावं, काय करू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मूळ कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या एका छोट्या विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवते. अशा ठिकाणी शिकवणारं किंवा शिकलेलं कोणी इथे असेल तर सल्ला हवा आहे.

माझ्या लॅबमधली एक हुशार मुलगी अलीकडे पार बदलली आहे. परवा टायट्रेशन करताना ब्युरेटच्या तोटीवर हात ठेवूनच तिला डुलकी लागली. फ्लास्कमधलं द्रावण गडद गुलाबी झालं तरी पत्ता नाही. तिच्या दोन मैत्रिणींचंही तेच. तिघी एकामागोमाग एक चालतात, नजर खाली, कोणाशी बोलणं नाही. विचारलं की “आय एम फाइन, मॅम”. मला शंका आहे की सोरॉरिटीत, म्हणजे मुलींच्या विद्यार्थी-संघटनेत, शिरण्यासाठी तिघींचं ‘प्लेजिंग’ (सदस्य होण्याआधीची, छळासकटची कसोटी) चालू आहे.

इथल्या फ्रॅटर्निटी (मुलांच्या संघटना) आणि सोरॉरिटी म्हणजे नुसती पार्ट्या करणारी मंडळं नव्हेत, हे आधी सांगते. ‘डिव्हाइन नाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नऊ संघटना. त्यांतल्या पाचांचा जन्म एकट्या हॉवर्ड विद्यापीठातला. अल्फा कप्पा अल्फा १९०८ सालची. डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली तर १९१३ मध्ये, स्थापनेनंतर दोनच महिन्यांत, वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या होत्या. सदस्यत्व जन्मभराचं असतं. पदवीनंतरही शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी अशी कामं चालू राहतात. ही मुलगी ज्या सोरॉरिटीत जाऊ पाहते आहे, तिची आई आणि आजी दोघी त्यातल्याच. पहिल्या वर्षाला असताना तिने मला दोघींचे फोटो किती अभिमानाने दाखवले होते! त्यामुळे “सोडून दे” असं मी तिला कधीच म्हणणार नाही.

१९९० मध्ये या संघटनांनी प्लेजिंग अधिकृतरीत्या बंद केलं. आता अर्ज, मुलाखत, थोडं प्रशिक्षण आणि मग ‘प्रोबेट’: नव्या मुली रांगेने यार्डात येतात, संघटनेचा इतिहास तोंडपाठ म्हणतात, स्टेपिंग (पायांच्या ठेक्यावरचं सामूहिक नृत्य) करतात. अख्खं कॅम्पस लोटतं, आणि ते खरंच बघण्यासारखं असतं. पण नुसत्या कागदोपत्री आलेल्यांना ‘पेपर’ म्हणून हिणवतात, आणि तो शिक्का नको म्हणून मुली रात्री-अपरात्रीचा छळ मुकाट्याने सोसतात. रॅगिंगच ते. याच्यात मुलांचे जीवही गेले आहेत.

अडचण अशी की कॅम्पस एवढंसं. ज्यांच्याकडे जायचं त्या अधिकारी बाई आणि चॅप्टरच्या (संघटनेच्या इथल्या शाखेच्या) सल्लागार, दोघी त्याच सोरॉरिटीच्या. दोघी सज्जन आहेत, पण बातमी फुटली तर कोणी सांगितलं हे तासाभरात कळेल आणि खापर त्या मुलीवर फुटेल. चॅप्टर काही वर्षांसाठी बंदही होऊ शकतो. शिवाय २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या केंद्रीय कायद्यामुळे हेझिंगच्या (अशा रॅगिंगच्या) घटना विद्यापीठाला जाहीर कराव्या लागतात, म्हणजे प्रकरण दाबून टाकणं योग्यही नाही.

अंगावर वळ दिसला किंवा ती चक्कर येऊन पडली तर मी कोणाला न विचारता थेट कॅम्पस पोलिसांना फोन करणार, हे नक्की. प्रश्न त्याआधीचा आहे. आधी तिच्याशी एकटीशी बोलावं का? नाव न घेता, आरोप न करता विषय कसा काढायचा? संघटनेच्या राष्ट्रीय कार्यालयाकडे परस्पर कळवलं तर ते खरंच गोपनीय राहतं का? आणि मी भारतीय, बाहेरची. त्यांच्या परंपरेत नाक खुपसते असं वाटू नये म्हणून बोलताना काय सांभाळू?

तिची पुढची लॅब गुरुवारी आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल. इथे उघड लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.