मदत हवी आहे: परण्याची घोडी, रिकिबीत पाय ठेवला की नाचायला लागते

आखाड्यावरची (ता. गंगाखेड, जि. परभणी)

राम राम मंडळी.

आमच्या दिरांकडं लग्नाची घोडी होती. बँडवाल्यांशी ठरलेलं असायचं, लगीनसराईत रोज एक परण्या (नवरदेवाची घोड्यावरची मिरवणूक), कधी दोन. यंदा त्यांनी तो धंदा सोडला आणि घोडी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, आणून बांधली. ते विकायचं म्हणत होते, मीच नको म्हणाले. शाळा सुटल्यावर मला आखाड्यावर जावं लागतं आणि पावसाळ्यात त्या काळ्या रानातून स्कूटी निघत नाही. घोडीवर बसून जावं असं मनात आहे. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळात लोक तालुक्याला घोड्यावरच जायचे, तेव्हा कुणी हसू नये.

घोडी पांढरी आहे, नाव चांदणी, वय नऊच्या आसपास. मारवाडी म्हणून घेतली होती. कानाची टोकं एकमेकींकडं वळतात खरी. जमिनीवर अगदी गरीब. खरारा करू देते, खूर उचलून देते, माझ्या मागं मागं फिरते. पण मी डावा पाय रिकिबीत घातला की हिचे पुढचे पाय थाडथाड सुरू होतात, पुठ्ठा (मागचा भाग) फिरतो आणि ही पुढं निघते. मी एका पायावर लोंबकळत. घाबरून लगाम ओढला की आणखीच नाचते.

त्यात माझी उंची पाच फूट एक इंच आणि डावा गुडघा दुखरा. खालून चढताना मला दोन-तीन उड्या माराव्या लागतात, खोगीर माझ्याकडं सरकतं. पायरीवरून चढायला गेले तर पोरं म्हणतात, "बाई, नवरदेवासारखं चढायलात." दीर म्हणतात सवय आहे तिची, एक ठेवून द्या.

जवळपास शिकवणारं कुणी नाही. हळू आणि सुरक्षित कसं चढावं, आणि ही उभी कशी राहील, एवढं सांगा.

ठेचाभाकर

ताई, हलगी वाजली की आमच्या मामांचंही असंच होतं. त्यांच्यावर अजून उपाय सापडलेला नाही. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचतोय.

रांगडा_गडी (जालना)

लाड करू नका. एका गड्यानं कान पिळून धरायचा, दुसऱ्यानं लगाम आवळायचा, तुम्ही बसून घ्यायचं. चार दिवसांत सरळ येते. आमच्याकडं असंच चालतं.

पागेवरचा (छत्रपती संभाजीनगर)

रांगडा भाऊ, कान पिळला की जनावर त्या वेळेपुरतं थिजतं. दुसऱ्या दिवशी कानाला हात लावू देत नाही आणि मग लगाम चढवायची पंचाईत. ताई, हे करू नका.

मी कॉलेजात एनसीसीच्या रिमाऊंट अँड व्हेटर्नरी (घोडेस्वारीच्या) तुकडीत घोडा शिकलो, पुढं बरीच वर्षं संबंध राहिला. त्यावरून सांगतो. चांदणी खोडकर नाही, ती शिकवलेलं काम करते आहे. तिच्या आयुष्यात पाठीवर वजन आलं की लगेच हलगी आणि बँड सुरू झालाय, आणि नाचली की मालक खूश. तुम्ही रिकिबीत पाय घालता तेव्हा तिच्या हिशोबानं परण्या निघाला. आता तिला नवा धडा द्यायचा: वजन आलं म्हणजे उभं राहायचं. मारलंत तर ती गोंधळेल. नाचलं तरी मार आणि थांबलं तरी लगामाचा हिसका, मग तिनं करायचं काय?

आधी पायरीचं बोलू. हसणाऱ्या पोरांना हसू द्या. खालून चढताना माणसाचं सगळं वजन एका बाजूच्या रिकिबीवर येतं, खोगीर घोडीच्या खांद्यावर आणि मणक्यावर एका अंगानं दाबलं जातं. उंचावरून चढलं की तो ताण बराच कमी होतो, म्हणून चांगल्या पागांमध्ये मुरलेले स्वारही ओट्यावरूनच चढतात. दीड-दोन फुटांचा भरीव ओटा करा. प्लास्टिकची खुर्ची किंवा लोखंडी स्टूल बिलकूल नको, घोडीचा पाय त्यात अडकला तर दोघींचं अवघड आहे. आखाड्यावर तर तुमच्याकडं धुरा (शेताचा बांध) आहेच. घोडीला खालच्या अंगाला उभी करा, तुम्ही धुऱ्यावर. फक्त उन्हाळ्यात तिथली जमीन भेगाळलेली नाही ना, आणि पावसात निसरडी नाही ना, ते आधी पायानं बघून घ्या.

तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) एका दमात आवळू नका. बऱ्याच घोड्या तंग ओढताना पोट फुगवतात. बेताचा बांधा, दहा-वीस पावलं चालवा, मग एक-दोन भोकं वर घ्या, आणि चढायच्या ऐन आधी पुन्हा हात घालून बघा. खोगीर सरकण्याची निम्मी कारणं इथंच असतात.

आता शिकवणी. पहिले काही दिवस बसायचंच नाही. ओट्याजवळ आणा, उभी राहिली की मान खाजवा, परत न्या. मग ओट्यावर उभं राहून खोगिरावर थाप मारा, रिकीब हलवा. नुसतं पाऊल घाला आणि काढा. मग पावलावर वजन द्या, उतरा. मग खोगिरावर पालथं पडा, दोन श्वास घ्या, उतरा. यात कुठंही पाय आपटायला लागली की बोलू नका, ओरडू नका, एक लहान गोल फिरवून पुन्हा त्याच जागी आणा आणि आधीच्या पायरीपासून सुरू करा. स्थिर राहिली त्याच क्षणी तुम्ही खाली उतरायचं. ती उभी राहिली की ओझं जातं, हे तिला कळलं पाहिजे. रोज थोडा वेळच करा. वैतागेपर्यंत ताणलंत तर वैतागच शिकवाल.

प्रत्यक्ष बसायच्या दिवशी दिरांना उजव्या बाजूला उभं करा. एका हातात दोर, ढिला, आणि दुसऱ्या हातानं उजवी रिकीब खाली दाबून धरायची, म्हणजे खोगीर तुमच्याकडं येणार नाही. डाव्या हातात लगाम आणि त्याच हातात आयाळीची मूठ. तोल गेला तर आयाळ ओढली जाऊ दे, तोंड नको. आयाळ ओढल्याचं घोड्याला फारसं वाटत नाही, लगामाचा हिसका मात्र थेट जिभेवर आणि हिरड्यांवर बसतो. उजवा हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर. मागचा उंचवटा धरून स्वतःला ओढायचं नाही, त्यानं खोगीर पिळतं आणि पाय पलीकडं नेताना तो हात आडवाही येतो. डाव्या पायाचा चवडा तिच्या बरगडीत टोचू देऊ नका. टोचला की ती त्याला "चल" समजते. बऱ्याच जणांची घोडी चढतानाच निघते ती यामुळं. उजवा पाय उंच न्या, पुठ्ठ्याला घासायला नको, आणि खाली बसताना धपकन पडू नका, मांड्यांवर भार घेत टेका.

बसल्यावर लगेच निघायचं नाही. उजवी रिकीब शोधा, कपडे नीट करा, मान थोपटा. दिरांनी गुळाचा एवढासा खडा द्यावा. मग निघा, किंवा सुरुवातीला तिथंच उतरा.

ढोरडॉक्टर_उदगीर

वरच्या उत्तरात भर घालतो. शिकवणीच्या आधी दुखणं तपासा. मणक्याच्या दोन्ही अंगांनी, खांद्यापासून कमरेपर्यंत बोटांनी बेतानं दाबत या. एखाद्या जागी पाठ खाली टाकली, कातडी थरथरवली किंवा कान मागं नेले तर तिथं दुखतंय. इतर रंगाच्या घोड्यांना खोगीर लागलं की तिथं पांढरे केस येतात आणि चटकन दिसतात. तुमची घोडी पांढरीच, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, हातानं चाचपा. सूज, गाठ, घासलेले केस काहीही असलं तर खोगीर ठेवूच नका.

वरातीचं खोगीर वापरत असाल तर बदला. त्यात बहुतेक वेळा नुसती गादी असते, तंग नावालाच. त्यावर खालून चढलं की ते फिरणारच.

लगाम कोणता आहे? वरातीच्या घोड्यांना सर्रास काटेरी लगाम घालतात. केंद्राच्या १९६५ च्या नियमांनुसार स्वारीच्या जनावरालाही काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. तोंडातल्या जुन्या जखमा बघा. दातांच्या कडा धारदार झाल्या असतील तरी लगाम ओढल्यावर नाचते. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवून घ्या.

आणि वजन. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा (पुढच्या पायांच्या मागून), तो त्याच आकड्यानं गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. किलोत अंदाजे वजन येतं. स्वार अधिक खोगीर मिळून त्याच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं.

आखाड्यावरची

सगळ्यांचे आभार. आज मोजमाप केलं. घेर १६८, लांबी १५५. म्हणजे ३६८ किलोच्या आसपास, आणि २० टक्के म्हणजे साडेत्र्याहत्तर. मी ६४, खोगीर ८. मर्यादेत बसले कशीबशी. दीर ८५ किलोचे आहेत, त्यांना हा हिशोब वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत.

खोगीर वरातीचंच आहे, जरीचं. लगाम काटेरी नाही, पण जाड कडीचा आणि गंजलेला आहे. डाव्या बाजूला खोगिराच्या पुढच्या टोकाखाली दाबलं की कातडी थरथरवते. तेव्हा बसणं बंद केलंय, नुसतं ओट्याजवळ नेऊन उभी करते.

दोन शंका. डावा गुडघा दुखतो तर उजवीकडून चढलं तर चालतं का? आणि मी सलवार-कमीज घालते, चपला असतात.

पागेवरचा

चालतं. डावीकडून चढायची रीत कमरेला डावीकडं तलवार असायची म्हणून पडली असं सांगतात, तुमच्याकडं काही तलवार नाही. उलट दोन्ही बाजूंनी चढायची सवय असली तर पाठीवर एकाच अंगानं ताण येत नाही. फक्त उजवी बाजू घोडीला नवीन असते. डावीकडं शिकवलेलं उजवीकडं आपोआप येत नाही, तिथं सगळा धडा पहिल्यापासून.

चपला नकोच. पाऊल रिकिबीत आरपार गेलं आणि तुम्ही पडलात तर घोडी ओढत नेते, घोड्यावरचे फार वाईट अपघात असे होतात. सपाट तळाचे कॅनव्हासचे बूटही नकोत. साधारण इंचभर टाच असलेला, पाय झाकणारा बूट घ्या. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच रुंद हवी. ओढणी घरी ठेवा, किंवा आडवी घेऊन कमरेला घट्ट गाठ मारा, मोकळं टोक खोगिरात अडकतं. हेल्मेट घोडेस्वारीचं घ्या, ऑनलाइन मिळतं. गाडीचं जड असतं आणि बाजूचं दिसत नाही.

उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, मग पुढं झुकून पाय मागून आणायचा आणि पोटावरून घसरत खाली. एक पाय रिकिबीत ठेवून उतरू नका. दोन्ही गुडघे वाकवून टेका, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला धक्का बसणार नाही.

रांगडा_गडी

कानाचं मागं घेतो, पण गुळाचं पटत नाही. उद्या खिशात तोंड घालंल.

पागेवरचा

घालते, हे खरं आहे. म्हणून खडा तिनं मागितल्यावर द्यायचा नाही, उभी राहिल्यावर द्यायचा. ताईंना चावरी घोडी झालेली परवडणार नाही, तेव्हा हातावर न देता घमेल्यात टाकून दिला तरी चालेल.

आखाड्यावरची

ताजी खबर. पाठीवरची थरथर विश्रांतीनं गेली. ओळखीच्यांचं साधं चामडी खोगीर तात्पुरतं आणलंय, ते मणक्यावर टेकत नाही, मधून तीन बोटं जातात. धुऱ्यापाशी आता उभी राहते. काल पालथी पडले तरी हलली नाही, फक्त एक पाय उचलून ठेवला. मग दिरांचा फोन वाजला, रिंगटोन सनईची, आणि बाई सुरू! त्यांना आता फोन आखाड्यात ठेवून यायला सांगितलंय.

दात दाखवायला परभणीला नेणार आहोत. या खोगिराचा तंग मात्र विरलेला आहे, तो नवा घ्यायचा. नांदेडला मिळेल का? की माळेगावच्या यात्रेपर्यंत थांबू?

खंडोबाचा_वारकरी (लोहा)

माळेगावला घोडेबाजारात खोगीर, तंग, रिकिबी सगळं हातात घेऊन बघता येतं, पण यात्रा मार्गशीर्षात. विरलेल्या तंगावर तोवर बसू नका. आत्ता चामड्याचं काम करणाऱ्याकडून सुती पट्ट्याचा नवा करून घ्या, जुनी बकलं चालतील. माप घोडीवर खोगीर ठेवून घ्या, एका बाजूच्या वादीच्या (खोगिराच्या चामडी पट्टीच्या) मधल्या भोकापासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत. म्हणजे वर-खाली दोन्हीकडं भोकं शिल्लक राहतात. बकल तिच्या कोपराला घासायला नको, एवढं शिवणाऱ्याला आवर्जून सांगा.