मदत हवी आहे : निवृत्त शिक्षिका, वय ६४, आरोग्य विमा. एकाच शाळेतल्या दोघींच्या हप्त्यात एवढा फरक!

नमस्कार. माझी आई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती, २०२१ साली निवृत्त झाली. नोकरीत होती तोवर ‘ज्योती संजीवनी’चा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेचा, आधार होता. निवृत्त झाली आणि तो संपला. दहा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे.

पाच लाखांच्या विम्यासाठी आम्ही चौकशी केली. एका कंपनीने सरळ नाही म्हटलं. दुसरीने वर्षाला ४७,००० सांगितले, शिवाय प्रत्येक बिलातले २० टक्के आपण भरायचे.

तिच्याच शाळेतल्या, तिच्याच वयाच्या दुसऱ्या बाई तेवढ्याच विम्याला २८,००० भरतात. पगार सारखा होता, पेन्शनही जवळपास सारखीच. त्यांच्या मुलाने २०११ मध्ये, शुगर निघायच्या आधी, पॉलिसी काढून दिली होती. आज शुगर त्यांनाही आहे. पण पॉलिसी घेतल्यावर निघालेल्या आजारासाठी कंपनी त्या एका माणसाचा हप्ता वाढवू शकत नाही. आजार घेऊन नव्याने येणाऱ्याला मात्र लोडिंग, म्हणजे आजारापोटी जादा हप्ता, लागतं. मी तेव्हा कॉलेजात होते, घरात विम्यातलं कुणाला काही कळत नव्हतं. आई म्हणायची, सरकार आहे की. याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच शाळेत आज शिकवणाऱ्या बाईंच्या पगारातून नव्या ‘कर्नाटक आरोग्य संजीवनी’साठी महिन्याला ३५० रुपये कापतात आणि घरच्यांनाही कॅशलेस उपचार मिळतात. शेजारचे काका पोस्टातून निवृत्त झाले, त्यांना केंद्राकडून महिन्याला १००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. निवृत्त शिक्षकांना संजीवनीत घेण्याबद्दल काही आदेश निघाला असेल तर कृपया इथे टाका. परिपत्रकं कन्नडमध्ये असतात, आईला ती वाचायला वेळ लागतो. दोन ओळींत मराठी सारांश दिलात तर फार उपकार होतील.

दुसरी अडचण पत्त्याची. मी पुण्यात असते. एजंट म्हणतो, पॉलिसी गावाच्या पत्त्यावर काढा, झोन (कंपनी हप्ता ठरवायला पाडते तो गावा-शहरांचा गट) खालचा म्हणून हप्ता कमी बसेल. पण मोठं दुखणं आलं तर आपण बेळगावात थांबतो का? मिरज, कोल्हापूर, नाहीतर थेट पुणे. वरच्या झोनमधल्या शहरात उपचार घेतले तर बिलातला काही भाग आपल्याला भरावा लागतो, असं कलम कागदात आहे. हे कलम प्रत्यक्षात कुणाला लागलं का? मिरजेला किती कापले?

बाबा ७१ वर्षांचे, शेती करतात. दोघांची एकत्र पॉलिसी काढली तर हप्ता बाबांच्या वयावर ठरतो, म्हणून आईची वेगळी काढतोय. बाबांसाठी केंद्राचं, सत्तरीवरच्यांना मोफत उपचार देणारं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड बेळगाव जिल्ह्यात कुणी काढलंय का? आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यात आमचं गाव आहे. पण पेन्शनमुळे रेशनकार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं. अशा घरातल्या कुणाला लाभ मिळाला का, आणि दाखला कुठून घेतला?

शोधताना कळलेलं, इतरांच्याही उपयोगाचं : एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी घेता येते. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी चार होती. साठीपुढच्यांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाला विचारावं लागतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. तुमच्या एजंटने जुनाच आकडा सांगितला नाही ना, ते बघा.

या महिनाअखेर फॉर्म भरायचा आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगावकडचे निवृत्त शिक्षक किंवा त्यांची मुलं इथे असतील तर वय, आजार, हप्ता आणि आपल्या वाट्याचे टक्के एवढं लिहा. कंपनीचं नाव व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवलंत तरी चालेल.